जर्मनीशी वेगळा व्यापार करार का होत नाही? युरोपीय महासंघाच्या बाह्य संबंधांचा कायदा

प्रश्न असा आला आहे: "जर्मनी, फ्रान्स, इटली हे सार्वभौम देश आहेत, दिल्लीत त्यांचे स्वतंत्र दूतावास आहेत. मग भारताशी व्यापार करार करताना सही ब्रुसेल्सची का? आणि काही करारांना २७ देशांच्या संसदांची मंजुरी लागते, काहींना लागत नाही, हे ठरवतं कोण?" प्रश्नकर्ते विधी शाखेचे विद्यार्थी आहेत. निर्यातदारही मला हेच विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात: "आमचं गिऱ्हाईक जर्मन आहे, मग जर्मन सरकारशी बोलून काम का होत नाही?"

आधी थोडक्यात सांगतो. आयात शुल्क ठरवण्याचा अधिकार जर्मनीकडे उरलेलाच नाही. सदस्य असेपर्यंत तो पूर्णपणे युरोपीय महासंघाकडे, म्हणजे ब्रुसेल्सकडे आहे. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याने सही केली तर तो महासंघाच्या कायद्याचा भंग ठरतो. कोणत्या विषयावर कोणाचा अधिकार आहे हे महासंघाचे मूळ तह सांगतात, आणि त्यांच्या अर्थावरून भांडण झालं की शेवटचा शब्द लक्झेंबर्गच्या, म्हणजे महासंघाच्याच न्यायालयाचा असतो. ब्रिटनचं उदाहरण ताजं आहे. महासंघात असताना ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करताच येत नव्हता. बाहेर पडल्यावर वाटाघाटी झाल्या आणि २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या.

आता सविस्तर. तुलनेला आपली राज्यघटना घेऊ. परदेशांशी करार करणं हा संघसूचीतला १४ व्या क्रमांकाचा विषय. शेती राज्यसूचीत आहे, तरी शेतमालाच्या आयातीबद्दल करार करताना केंद्राला महाराष्ट्राची किंवा पंजाबची संमती घ्यावी लागत नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा हवा असेल तर अनुच्छेद २५३ प्रमाणे संसद राज्यसूचीतल्या विषयावरही तो करू शकते. विषय घरात कोणाचाही असो, बाहेर बोलणार केंद्रच.

युरोपात उलटं आहे. महासंघाला स्वतःचा असा उपजत अधिकार नाही. सदस्य देशांनी तहांमधून जेवढे अधिकार सोपवले तेवढेच त्याच्याकडे आहेत. म्हणून प्रत्येक कराराच्या वेळी, त्यातल्या प्रत्येक प्रकरणाबद्दल (चॅप्टरबद्दल) विचारावं लागतं: हा विषय महासंघाला दिला आहे का, आणि दिला असेल तर पूर्ण की अर्धा? पूर्ण दिलेल्या विषयांना अनन्य अधिकाराचे विषय म्हणू. सीमाशुल्क संघ, सामायिक व्यापार धोरण, समुद्रातल्या जैवसंपत्तीचं संवर्धन, युरो वापरणाऱ्या देशांचं चलनविषयक धोरण आणि अंतर्गत बाजारासाठी लागणारे स्पर्धेचे नियम हे ते विषय. पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा असे पुष्कळ विषय सामायिक आहेत. तिथे महासंघाने नियम केले की त्या मर्यादेत सदस्य देशांचे हात बांधले जातात.

व्यापार पूर्ण का द्यावा लागला हे रॉटरडॅम बंदराकडे पाहिलं की कळतं. तिथे शुल्क भरून उतरलेला माल पुढे म्युनिक, मिलान, वॉर्सापर्यंत पुन्हा शुल्क न भरता जातो. एकट्या नेदरलँड्सने भारतीय कापडावरचं शुल्क माफ केलं असतं तर सगळं भारतीय कापड रॉटरडॅमवरूनच युरोपात शिरलं असतं आणि बाकीच्यांच्या शुल्काला अर्थ राहिला नसता. आतल्या भिंती पाडायच्या तर बाहेरचं कुंपण एकाच हातात असावं लागतं.

एवढं मूळ तहातच लिहिलेलं होतं. कायद्याला खरी दिशा मात्र ट्रकचालकांच्या एका खटल्याने दिली, आणि विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा असा माझा आग्रह असतो. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाने सलग किती तास गाडी चालवावी, विश्रांती किती घ्यावी, याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या छत्राखाली एक करार ठरत होता. १९६९ मध्ये तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने (महासंघाचं पूर्वरूप) त्याच विषयावर आपला अंतर्गत नियम केला. तरीही मार्च १९७० मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत, म्हणजे मंत्रिपरिषदेत ठरलं की आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटी सहा सदस्य देशांनीच पुढे न्यायच्या. युरोपीय आयोग, म्हणजे समुदायाचं कार्यकारी अंग, न्यायालयात गेला. आयोगाचं म्हणणं, हा विषय आता आमचा. परिषदेचं म्हणणं, वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार तहात कुठेही लिहिलेला नाही.

३१ मार्च १९७१ चा निकाल असा की अधिकार शब्दांत लिहिलेलाच असावा असं नाही. समुदायाने एखाद्या विषयावर सामायिक नियम केले की त्या नियमांना बाधा येईल असं बंधन बाहेरच्या देशांशी स्वीकारण्याचा हक्क सदस्य देशांना राहत नाही, एकेकट्याने नाही आणि सगळ्यांनी मिळूनही नाही. 'मिळूनही नाही' हा त्यातला सर्वांत जड भाग. सहाच्या सहा देशांचं एकमत असलं तरी ते समुदायाला वळसा घालू शकत नाहीत. गंमत अशी की आयोग तो खटला हरला. वाटाघाटी फार पुढे गेल्या होत्या, मधेच माणसं बदलली असती तर करारच मोडला असता, म्हणून न्यायालयाने परिषदेची कृती रद्द केली नाही. पण तत्त्व आयोगाच्या बाजूने लागलं, आणि मूळ तहांत दुरुस्ती करणाऱ्या लिस्बन तहाने ते पुढे लेखी स्वरूपात स्वीकारलं. आज महासंघाच्या कार्यपद्धतीविषयक तहाच्या कलम ३ च्या दुसऱ्या परिच्छेदात ते सापडतं.

त्याचे परिणाम दूरवर गेले. ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि ऑस्ट्रिया यांनी अमेरिकेशी स्वतंत्र हवाई करार केले होते. ५ नोव्हेंबर २००२ रोजी न्यायालयाने या आठही देशांविरुद्ध निकाल दिले. जर्मनीच्या करारात फक्त जर्मन मालकीच्या विमान कंपन्यांना हक्क, ब्रिटनच्या करारात फक्त ब्रिटिश कंपन्यांना, हा महासंघातल्या इतर देशांच्या कंपन्यांशी भेदभाव ठरला. त्या निकालांचं लोण आपल्यापर्यंतही आलं. भारताचे युरोपातल्या देशांशी तसेच द्विपक्षीय हवाई करार होते. त्यांतली राष्ट्रीयत्वाची अट बदलण्यासाठी २००८ मध्ये भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात एक करार झाला. द्विपक्षीय करार जागच्या जागी राहिले, अट तेवढी बदलली.

आता दुसरा प्रश्न, २७ संसदांचा. करारातले सगळे विषय अनन्य अधिकारात बसत असतील तर महासंघ एकटा सही करतो. एखादा विषय सदस्य देशांच्या हातात असेल तर ते देशही पक्षकार होतात, आणि अशा कराराला मिश्र करार म्हणतात. मिश्र करार म्हणजे प्रत्येक देशाची घटनात्मक प्रक्रिया. बेल्जियमसारख्या देशात तर प्रादेशिक विधिमंडळांचीही मान्यता लागते.

याचा अर्थ काय होतो ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिलं. कॅनडाबरोबरचा करार, २००९ पासूनच्या वाटाघाटींचं फळ, सहीसाठी तयार होता. बेल्जियमच्या वालोनिया या साधारण ३६ लाख वस्तीच्या प्रदेशाने तो अडवला. प्रदेशाचे तेव्हाचे मंत्री-अध्यक्ष पॉल मॅग्नेट यांचा मुख्य आक्षेप गुंतवणूकदारांना सरकारविरुद्ध वेगळ्या लवादात जाण्याची मुभा देणाऱ्या प्रकरणावर होता. शेवटी तोडगा निघाला. त्यातली एक अट अशी की त्या प्रकरणाबद्दल बेल्जियम लक्झेंबर्गच्या न्यायालयाचं मत घेईल. ३० ऑक्टोबरला सही झाली. न्यायालयाचं मत ३० एप्रिल २०१९ रोजी आलं: ती व्यवस्था महासंघाच्या कायद्याशी सुसंगत आहे. वालोनियाने हट्ट केला म्हणून ते अनेकांच्या टीकेचं लक्ष्य झालं. मला ती टीका पटत नाही. प्रश्न खरा होता, आणि त्याचं अधिकृत उत्तर मिळायलाच हवं होतं. चूक वेळेची होती. अशा हरकती वाटाघाटींचा आदेश देतानाच ऐकल्या गेल्या पाहिजेत. सात वर्षांनंतर सहीच्या टेबलावर त्या येऊ नयेत.

दरम्यान सिंगापूरबरोबरच्या कराराचा मसुदा तयार होता, आणि आयोगाने न्यायालयालाच विचारून टाकलं की यातलं आमचं काय आणि सदस्य देशांचं काय. १६ मे २०१७ चं ते मत, क्रमांक २/१५, या क्षेत्रात काम करणाऱ्याला तोंडपाठ असायला हवं. वस्तू, सेवा, सरकारी खरेदी, बौद्धिक संपदा, थेट परकीय गुंतवणूक, इतकंच काय कामगार आणि पर्यावरणाचं प्रकरणही महासंघाच्या अनन्य अधिकारात ठरलं. वाहतूक सेवा व्यापार धोरणातून वगळलेल्या आहेत, पण १९७१ च्या ट्रकवाल्या तत्त्वाने त्याही महासंघाकडे आल्या. बाहेर राहिल्या दोनच मोठ्या गोष्टी: नियंत्रणाचा हेतू नसलेली समभागांतली गुंतवणूक, आणि गुंतवणूकदार व सरकार यांच्यातल्या वादांची लवाद व्यवस्था. दुसऱ्या गोष्टीमागचं कारण समजून घ्या. लवादामुळे वाद सदस्य देशाच्या न्यायालयांच्या हातून निसटतो, म्हणून त्या देशाच्या संमतीशिवाय ते करता येत नाही.

हे मत आल्यावर शहाणपणाचा मार्ग उघड होता. करार फोडा. व्यापार एका करारात, गुंतवणुकीचं संरक्षण दुसऱ्यात. २०१८ मध्ये मंत्रिपरिषदेने या वाटेला मान्यता दिली, मात्र कुठे फोडायचं ते दर वेळी आम्ही ठरवू असं राखून ठेवलं. जपानबरोबरचा करार १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, एकट्या महासंघाच्या सहीने. सिंगापूरचा व्यापार करार २१ नोव्हेंबर २०१९ पासून. चिलीसाठी वेगळा अंतरिम व्यापार करार काढला, तो १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाबरोबरचा करारही आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये असाच दोन दस्तऐवजांत मांडला.

भारताकडे पाहा. २००७ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींत सगळं एकाच करारात होतं. २०१३ मध्ये त्या थांबल्या. जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तीन स्वतंत्र वाटा आखल्या गेल्या: मुक्त व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाचं मानांकन). गुंतवणूक वेगळी का, ते आता लक्षात आलं असेल. भौगोलिक निर्देशांक वेगळे ठेवण्याची कायद्याने सक्ती नव्हती, तो विषय पूर्णपणे महासंघाकडे आहे. ती वाटाघाटीतली निवड. विद्यार्थी हे दोन्ही एकाच कारणाने झालं असं लिहितात, म्हणून मुद्दाम सांगतो.

एक बारकावा आहे, परीक्षकाला आणि अशिलाला दोघांनाही महत्त्वाचा. विषय सामायिक असला की करार मिश्रच करावा लागतो असं नाही. आंतरराष्ट्रीय रेल्वे वाहतूक संघटनेवरून जर्मनीने परिषदेविरुद्ध खटला भरला होता, त्याच्या डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सामायिक विषयातही परिषदेला पुरेसं बहुमत मिळालं तर महासंघ एकटा पुढे जाऊ शकतो. म्हणजे पुष्कळदा 'मिश्र' हा शिक्का राजकीय निर्णय असतो. सदस्य देशांची सरकारं आपल्या संसदांना टेबलावर जागा मिळवून देण्यासाठी तो मागतात. कोणी 'कायद्याने २७ संसदा लागतातच' असं म्हणालं की मी विचारतो, कोणत्या प्रकरणामुळे?

करार करण्याची प्रक्रिया त्याच कार्यपद्धतीविषयक तहाच्या कलम २१८ मध्ये आहे. आयोग शिफारस करतो, परिषद परवानगी आणि सूचना देते, आयोग वाटाघाटी करतो, मग कायदेशीर छाननी, भाषांतरं, परिषदेचा सहीचा निर्णय, युरोपीय संसदेची संमती आणि शेवटी परिषदेचा अंतिम निर्णय. व्यापारात सहसा विशेष बहुमत पुरतं: ५५ टक्के सदस्य देश आणि त्यांच्यात महासंघाची ६५ टक्के लोकसंख्या. सांस्कृतिक सेवांसारख्या काही संवेदनशील बाबतीत एकमत लागतं. संसदेची संमती उपचार समजू नका. नकली मालाविरुद्धचा 'ॲक्टा' करार ४ जुलै २०१२ रोजी तिने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला आणि तो तिथेच संपला. म्हणून वाटाघाटी पूर्ण झाल्याची बातमी वाचून कोणी दुसऱ्या दिवशी शुल्क सवलतीचा हिशेब घेऊन आलं तर मी त्यांना ही सगळी वाट दाखवतो.

अभ्यासक्रमात क्वचितच सांगतात, पण या कायद्यातले काही पायाभूत निकाल भारताच्या करारांवरून आलेले आहेत. १९९४ पासून लागू असलेल्या भारत-युरोपीय समुदाय सहकार्य करारात मानवी हक्क, ऊर्जा, पर्यटन, संस्कृती असे विषय होते. पोर्तुगाल न्यायालयात गेला: हे सगळं विकास सहकार्याच्या नावाखाली समुदाय एकटा कसं करू शकतो? ३ डिसेंबर १९९६ रोजी पोर्तुगाल हरला. मुख्य हेतू विकास सहकार्य असेल आणि बाकीच्या कलमांतली बंधनं वेगळा हेतू ठरावा इतकी भारी नसतील, तर तेवढा आधार पुरतो असं न्यायालयाने सांगितलं.

पोर्तुगालने दुसरा खटलाही भरला, तोही आपल्याशी जोडलेला. भारत आणि पाकिस्तानशी कापडाच्या बाजारप्रवेशाबद्दल केलेले समझोते जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांविरुद्ध आहेत, असा त्याचा दावा. २३ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यायालयाने म्हटलं की जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांच्या कसोटीवर आम्ही महासंघाच्या कृती तपासत नाही, काही अपवाद सोडून. तो निकाल निर्यातदारांना आजही भोवतो. तुम्ही जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत जिंकलात तरी त्या जोरावर लक्झेंबर्गमध्ये जिंकाल असं नाही.

मग वाट कुठली? चादरी आणि बेडशीटचा खटला पाहा. १९९७ मध्ये महासंघाने भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या सुती बेडशीटांवर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, म्हणजे माल अवाजवी स्वस्तात ओतला (डम्प केला) जातो म्हणून लावायचं जादा शुल्क. हिशेब करताना जिथे डम्पिंग नाही असं दिसत होतं तिथली उणे रक्कम शून्य धरली होती, त्यामुळे एकूण आकडा फुगला. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००१ मध्ये जिंकला. महासंघाने दुरुस्ती केली, पण पुढच्या काळापुरती. आधी भरलेले पैसे गेले ते गेले. तो माल आयात करणारी इकिया ब्रिटनच्या न्यायालयात गेली, तिथून प्रश्न लक्झेंबर्गला आला. २७ सप्टेंबर २००७ च्या निकालात जागतिक व्यापार संघटनेचा निर्णय आधार म्हणून मानला गेला नाही, तरी महासंघाच्याच मूळ अँटी-डम्पिंग नियमाचा परिषदेने चुकीचा अर्थ लावला, असं ठरलं, आणि आयातदाराला पैसे परत मागता आले. माझ्या कामात हा निकाल मी सर्वांत जास्त वापरतो. आपला निर्यातदार थेट काही करू शकत नसेल, तर त्याच्या युरोपातल्या आयातदाराला सदस्य देशाच्या न्यायालयाचं दार उघडं असतं, आणि दावा महासंघाच्या स्वतःच्या कायद्यावर उभा करायचा असतो. अलीकडच्या व्यापार करारांत तर स्पष्टच लिहितात की या करारातून व्यक्तींना न्यायालयात मागता येतील असे हक्क निर्माण होत नाहीत. ते कलम शेवटच्या पानांत असतं. पहिल्यांदा ते वाचा.

जबाबदार कोण, हा प्रश्न भारताला सर्वांत तीव्रतेने भेडसावला तो औषधांच्या प्रकरणात. २००८-०९ मध्ये भारतातून ब्राझील आणि इतर देशांकडे निघालेली जेनेरिक औषधं नेदरलँड्समध्ये अडवली गेली. ती युरोपात विकायची नव्हती, तिथून फक्त पुढे जायची होती. रक्तदाबावरच्या लोसार्टनच्या एका खेपेवर तर ना भारतात पेटंट होतं ना ब्राझीलमध्ये. अडवणारे अधिकारी डच, पेटंट डच कायद्यातलं, पण कारवाईची चौकट महासंघाच्या २००३ च्या सीमाशुल्क नियमातली. दोष कोणाला द्यायचा? एकट्या महासंघावर तक्रार केली तर तो डच पेटंट कायद्याकडे बोट दाखवेल, एकट्या नेदरलँड्सवर केली तर तो ब्रुसेल्सच्या नियमाकडे. मे २०१० मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली तीच मुळी 'युरोपीय महासंघ आणि एक सदस्य देश' या दोघांविरुद्ध. महासंघ आणि त्याचे सदस्य देश दोघेही त्या संघटनेचे सभासद असल्यामुळे हे शक्य झालं. मला हा भारतीय मुत्सद्देगिरीतला अतिशय विचारपूर्वक केलेला अर्ज वाटतो. २०११ मध्ये समझोता झाला, आणि २०१३ मध्ये महासंघाने जुन्या नियमाच्या जागी नवा आणला. गरिबांच्या औषधांचा प्रश्न होता तो; नियमातल्या एका शब्दावरून लाखो लोकांचा रक्तदाब नियंत्रणात राहणार की नाही हे ठरत होतं.

कोकणातल्या वाचकांना २०१४ चा उन्हाळा आठवत असेल. १ मेपासून महासंघाने भारतीय आंबा आणि कारलं, वांगं, पडवळ, अळू यांची आयात थांबवली, कारण खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. हंगाम ऐन भरात होता. ब्रिटनमधल्या व्यापाऱ्यांनी, खासदारांनी आवाज उठवला, पण ब्रिटन तेव्हा सदस्य होता आणि एकट्याने हापूस आत घेऊ शकत नव्हता. त्या निर्णयात करार कुठेच नव्हता, वाटाघाटी नव्हत्या. वनस्पती आरोग्याच्या अंतर्गत नियमाखाली आयोगाने तो घेतला होता. पॅकिंग केंद्रांची तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी मुदतीआधी उठली. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांवरून असाच फटका बसला होता. आयात माल तयार होताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकारायच्या शुल्काचा २०२३ चा नियमही याच जातीचा. करारात शुल्क शून्यावर आलं तरी हे नियम आपल्या जागी राहतात, म्हणून बाह्य संबंधांचा कायदा फक्त करारांत शोधू नका.

परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण हे मात्र वेगळंच राज्य आहे. तिथे एकमत लागतं आणि न्यायालयाचा हात आखडता असतो. निर्बंधांच्या यादीत नाव येणं याला अपवाद: त्याविरुद्ध दाद मागता येते. अशा यादीत नाव आलेल्या कादी नावाच्या माणसाच्या खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीवरून आलेलं असलं तरी माणसाला कारणं कळली पाहिजेत आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये रशियावरच्या १८ व्या निर्बंध संचात वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीचं नाव आलं, त्यानंतर भारतीय कंपन्यांकडून या विषयावर विचारणा वाढली. त्यांना मी पहिल्यांदा मुदत सांगतो: दोन महिने, आणि अंतरासाठी दहा दिवस. ती उलटली की चांगला मुद्दाही वाया जातो.

दुसऱ्या गटांशी तुलना केली की महासंघ किती निराळा आहे ते दिसतं. आसियानला स्वतःचं कायदेशीर व्यक्तिमत्त्व आहे, तरी २००९ च्या भारत-आसियान वस्तू व्यापार करारावर सह्या प्रत्येक सदस्य देशाच्या आहेत. एफ्टा गटाबरोबरच्या १० मार्च २०२४ च्या कराराचंही तेच: स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन चौघे पक्षकार. या गटांत बाहेरचं शुल्क सामायिक नाही, त्यामुळे अधिकारही देशांकडेच आहे.

राहिला गुंतवणुकीचा भाग. व्होडाफोनने भारताविरुद्ध लवादात वापरला तो भारत-नेदरलँड्स द्विपक्षीय करार होता, आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. ते करार जुन्या काळातले. डिसेंबर २००९ मध्ये लिस्बन तह लागू झाल्यापासून थेट परकीय गुंतवणूक महासंघाचा विषय आहे, आणि २०१२ च्या नियमानुसार सदस्य देशाला असा नवा करार करायचा तर आयोगाची परवानगी लागते. भारतानेही २०१६-१७ मध्ये बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. त्यामुळे मधे पोकळी आहे.

शेवटी नेहमीचा उपप्रश्न: मिश्र कराराला एखाद्या संसदेने नकार दिला तर? कॅनडाच्या करारावर सायप्रसच्या संसदेने जुलै २०२० मध्ये नकाराचं मत दिलं, फ्रान्सच्या सिनेटने मार्च २०२४ मध्ये. तरीही त्या कराराचा महासंघाच्या अधिकारातला भाग २१ सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात लागू आहे, कारण नकार महासंघाला औपचारिकपणे कळवला गेलेला नाही. गुंतवणूक लवादाचा भाग मात्र सगळ्यांच्या मान्यतेची वाट पाहत पडून आहे. सिंगापूरच्या वेगळ्या गुंतवणूक कराराचीही ऑक्टोबर २०१८ मध्ये सही झाल्यावर वर्षानुवर्षं तीच गत राहिली. पुण्याची एखादी कंपनी पोलंडमध्ये कारखाना घेत असेल, तर भारत-युरोप गुंतवणूक करारातल्या लवादाच्या भरवशावर व्यवहार रचू नका. करारपत्रातच लवादाचं कलम घाला, स्थळ आणि लागू कायदा लिहून घ्या, आणि पोलिश वकिलाकडून परवाने तपासून घ्या.